चारशेएकावं वजन

मीना, काल सावनेरचा डबा भरला.

फोन दुपारी आला. मी कळमेश्वरच्या गाळ्यात एकटीच होते. सोल्डरिंगची गन गरम करून हातात धरली होती आणि कशासाठी गरम केली ते काही आठवत नव्हतं. तू गेल्यापासून असंच चाललंय. कुकर लावते आणि शिट्ट्यांकडे लक्षच नसतं. स्कूटीला किल्ली लावून ठेवते आणि घरभर किल्ली शोधते. रडू मात्र येत नाही. लोकांना वाटतं, रंजना फार धीराची. धीर वगैरे काही नाही. आत काही हलतच नाही, एवढंच.

फोनवर कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचे राऊतभाऊ होते. "ताई, तुमचा डबा जागा भरली म्हणून राहिला," ते म्हणाले. "आकडा दाखवणंच बंद केलं त्यानं. गाड्या अडकून पडल्या." मी विचारलं, किती वजनं झाली. ते म्हणाले, चारशे. खरं तर विचारायची गरज नव्हती. चारशे हा आकडा तूच घातला होतास, आणि त्या आकड्यावरून आपण दोघी जेवढ्या भांडलो तेवढी मी नवऱ्याशीही भांडले नसेन.

तुझ्याशी अशा पुस्तकी मराठीत मी कधी बोलले नाही. पण लिहायला बसलं की हात शाळेत शिकवल्यासारखाच चालतो, त्याला मी काय करू. आणि हे तुझे बाबा वाचतील, आणखीही कोणी वाचेल, ज्यांना सी भाषा येत नाही. त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. तुला सोपं केलेलं आवडत नसे. सोपं करता करता खोटं होतं, असं तुझं म्हणणं.

तर डबा म्हणजे आपण दोघी गाळ्यात बनवायचो ती, वजनकाट्याला जोडलेली लहानशी पेटी. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन पडद्यावर दाखवायचं आणि आत लिहून ठेवायचं, हे तिचं काम. गाडी भरलेली येते तेव्हा एकदा, माल उतरवून रिकामी जाते तेव्हा दुसऱ्यांदा. दोन्ही वजनं झाल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही आणि चिठ्ठीशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. ही वजनं ठेवायला पेटीच्या आत एकाला एक लागून खण असतात. त्या खणांच्या रांगेला सीमध्ये अ‍ॅरे म्हणतात. रांग मांडायच्या आधीच सांगावं लागतं की खण किती हवेत. तू सांगितलंस, चारशे. ते भरले की डबा थांबतो. संध्याकाळी दिवसाची यादी ऑफिसात गेली की खण रिकामे होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरीही एक रीत आहे. आधी काही ठरवायचं नाही. काम सुरू झाल्यावर लागेल तशी जागा मागायची, ती पुरली नाही की मोठी मागायची. मी त्या रीतीची. तू पहिल्या रीतीची, आणि तीही हाडाची.

ती तुझ्या हाडात कुठून आली ते मला पॉलिटेक्निकमध्ये असतानाच कळलं होतं. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघींना बसवलं होतं आणि तू मला कीबोर्डला हात लावू देत नव्हतीस. आधी कागदावर मोजू दे, म्हणायचीस. मग एकदा तुझ्या घरी आले तर पुढच्या खोलीत माग, आणि मागच्या खोलीत तुम्ही सगळे. बाबा मागावर बसलेले. कापडाची रुंदी किती, ताण्याचे म्हणजे उभे धागे किती, सगळं आधी ठरतं. फणीत धागे ओवले की संपलं. तू मला अभिमानाने दाखवत होतीस आणि वर टोमणाही मारत होतीस. "ताणा चढवल्यावर कोणी म्हणते का वं, अजून चार बोटं रुंद करा म्हणून?"

मी कापसाच्या घरची. मी म्हटलं, पेरताना बोंडं मोजते का कोणी? तू लगेच म्हणालीस, "म्हणून तं तुमच्या घरी दर साली बोरे कमी पडतात." ते खरं होतं. दर वेचणीला माझा बाप कापूस भरायला शेजाऱ्यांकडे बोरे, म्हणजे पोती, मागत फिरायचा. मी तुझ्या आईकडे बोट दाखवलं. ती तेव्हा संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा सांधत होती, एकेक धागा एकेका धाग्याला गाठ मारून. हे काय मग, वाढवणंच आहे ना? तू म्हणालीस, ही लांबी झाली, रुंदी नव्हे. आणि सांधायला अख्खा दिवस जातो, त्यात एक धागा चुकला की पुढचं कापड वाया. आई हसत होती. तिला वाटलं, पोरी आपल्याच कामाबद्दल बोलून राहिल्या.

पुढे सीमध्ये मला एक नवी गोष्ट सापडली की रांग मांडताना कंसात आकड्याच्या जागी नुसतं अक्षर लिहिलं तरी चालतं, किती ते चालू कामात ठरेल. मी नाचतच तुझ्याकडे आले. तू चहा पीत होतीस, कप खालीही ठेवला नाहीस. हे तर सगळ्यात वाईट, म्हणालीस. बाकी रीतीत मागितलेली जागा मिळाली नाही तर निदान रिकामा हात तरी परत येतो. यात कोणी काही सांगतच नाही, सगळं सरळ कोसळतं. आणि मग तुझा तो प्रश्न, जो तू मला पुढची सगळी वर्षं विचारत राहिलीस. "मागितली अन् नाही भेटली तं?"

हा प्रश्न तू कशालाही विचारायचीस. लग्नाला जायची एसटी नाही भेटली तं? मुलीला होस्टेल नाही भेटलं तं? मी चिडायचे. माझा नवरा तर तुला "नाहीभेटलीताई" म्हणायचा, आणि तुला ते आवडायचं. पण माझी मुलगी झाली तेव्हा मी कितीतरी महिने गाळ्यावर आले नाही. तू एकटीने सगळं ओढलंस आणि माझं टेबल मी सोडलं होतं तसंच ठेवलंस. अर्धवट राहिलेल्या सर्किटवर फडकं टाकून ठेवलं होतंस. मी परत आले तर तू एवढंच विचारलंस, इतके दिवस काय केलं, झोपली का तरी. मी त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची पद्धतच नव्हती.

आता ते मोठं भांडण. सावनेरच्या डब्याचा पहिला प्रोग्राम आपण दोघींनी मिळून लिहिला होता. वजनं ठेवायचा भाग माझा, पडद्यावर दाखवायचा तुझा. माझ्या भागात रांग वाढती होती. बाबा, हे लग्नाच्या पंगतीसारखं समजा. पंगत बसली, पाहुणे वाढले, शेजारी जागा नाही. मग अख्खी पंगत उठवून मोठ्या मांडवात नेऊन बसवायची. सगळे त्याच क्रमाने, पहिला पहिल्या पाटावर, दुसरा दुसऱ्या. फक्त जागा नवी. पण एखाद्या वाढप्याला कोणी सांगितलंच नाही, तर तो जुन्या मांडवात जाऊन तिथे जे कोणी असेल त्याच्या ताटात वाढून येईल. तुझा भाग तो वाढपी झाला. तू जुना पत्ता धरून ठेवला होतास.

आपण गाळ्यातच रेतीची पोती ठेवून चाचणी घेत होतो. पोती एकामागून एक काट्यावर, आकडे बरोबर. मग माझी रांग वाढली, दुसरीकडे गेली, आणि पुढच्या पोत्याला पडद्याने भरल्या ट्रकचं वजन दाखवलं. आधी आपण पोट धरून हसलो. मग तू हसायची थांबलीस आणि म्हणालीस, "तू जागा बदलली अन् मले सांगितलं नाही." मी म्हटलं, तू पत्ता लिहून काहून ठेवला, दर वेळी विचारायचा असते. त्यावर तू, आणि त्यावर मी. चूक कोणाची हे काही ठरलं नाही. दोघींचे भाग आपापल्या जागी बरोबर होते, आणि एकत्र केले की चूक. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनाच ही चूक होते आणि त्यांनाच ती समजते. माझ्या नवऱ्याला मी तीनदा समजावली, तो म्हणाला, मग एक फोन करायचा ना एकमेकींना.

दुसऱ्या दिवशी मी आले तर तू वाढती रांग काढून टाकली होतीस. चारशे. ठाम. जिनिंगवाल्यांना विचारलं म्हणालीस, इतकी वजनं दिवसात होत नाहीत. मी म्हटलं, कधी झाली तर? तू म्हणालीस, तर भरलं म्हणून थांबेल. नोंद न होता नुसता आकडा दाखवला तर काट्यावर डोकी फुटतील. मी पाय आपटत बाहेर गेले. त्यानंतर आपण एक नियम केला, की सावनेरची फाईल सगळी तुझी, आणि तुझ्या फाईलला मी हात लावायचा नाही, माझ्या फाईलला तू नाही. त्याच नियमावर आपला धंदा टिकला. पण चारशेचा वाद मात्र मिटला नाही. दर दिवाळीनंतर कापसाचा सीझन लागला की मी तुला डिवचायची, भरला का गं तुझा डबा? तू म्हणायचीस, भरला तर तुले आनंद होईन ना. मी म्हणायची, हो.

काल भरला, मीना. आनंद झाला नाही.

मग तुझं आजारपण. त्याबद्दल मला लिहायचं नाही, पण एक दुपार लिहिते. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि तुला विचारलं, किती वेळ आहे ते तुम्हाला सांगू का. मला वाटलं तू आता कागद-पेन काढशील. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा आकडा आधी मागणारी बाई तू. तू म्हणालीस, नको. जेवढं लागन तेवढं घेत जाईन. आणि पर्स उचलून बाहेर गेलीस. ते वाक्य माझं होतं, माझ्या बाजूचं होतं, आणि मी मात्र आत थांबले आणि डॉक्टरांना आकडा विचारला. खाली पार्किंगमध्ये तू स्कूटीजवळ उभी होतीस.

"विचारला ना तू आकडा?"

"नाही."

"खोटं बोलून राहिली."

"हो."

"ठेव मग तुझ्याचजवळ," तू म्हणालीस आणि मागे बसलीस. रस्त्यात आपण नागपूरच्या बर्डीवर उतरून तर्री पोहे खाल्ले. तिखट होते. तू तुझ्यातला रस्सा माझ्या प्लेटमध्ये ओतलास.

तो आकडा मी कोणाला सांगितला नाही, आणि तो चुकलाही. तू त्याच्या बरंच आधी गेलीस. मी मनात काय काय मांडून ठेवलं होतं, अमुक महिन्यात हे बोलू, तमुक महिन्यात ते. चारशेचंही त्यात होतं. म्हटलं, शेवटी शेवटी कबूल करून घेईन हिच्याकडून, की वाढती रांगच बरोबर होती. किंवा मीच म्हणेन की तुझंही चूक नव्हतं. दोन्हीपैकी काही एक झालं असतं. मला दोन्ही चाललं असतं.

तुझ्या घरी त्या दिवशी मी चहा करत होते. येणाऱ्या प्रत्येकाला चहा. कोणी तरी बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, रडून घे वं, मोकळं होईन. मी म्हटलं, साखर चालते ना तुम्हाला? बाबा मागाच्या जागी बसले होते, जिथे आता माग नाही, सोफा आहे. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, धीर देतील किंवा धीर मागतील. त्यांनी विचारलं, "तुमच्या दोघीचं ते भांडण मिटलं होतं का गं रंजना?" मी म्हटलं, नाही मिटलं बाबा. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, ती घरी आली की तुझ्या बाजूने बोलायची. रंजूचंही खरं आहे म्हणायची. मी कप गोळा करायला उठले. त्यांचं म्हणणं मी तेव्हा ऐकलं, पण ते आत कुठे गेलं नाही.

तर काल. मी लॅपटॉप घेतला आणि सावनेरला निघाले. जिनिंगच्या फाटकाबाहेर भरलेल्या गाड्या, ते तर नेहमीचं. पण काल आतही गाड्या तुंबल्या होत्या. माल उतरवून रिकाम्या झालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मेटॅडोर, दोन-तीन बैलगाड्या, सगळ्या आवारात उभ्या. दुसरं वजन झाल्याशिवाय यांना बाहेर पडता येत नाही आणि डबा वजन दाखवत नाही. शेजारच्या गावची जिनिंग यंदा बंद आहे, तिचा माल इकडे वळला होता, म्हणून चारशे भरले. एका ट्रॉलीत एक बाई पाय लांब करून बसली होती. कपड्यांवर कापसाचे धागे. ती म्हणाली, किती वेळ लागन ताई, ढोरं बांधायची आहेत घरी जाऊन. मी म्हटलं, पाहते.

काट्याच्या केबिनमध्ये स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि तुझी फाईल समोर घेतली. उघडली नाही. मीना, तिला मी कधीच हात लावला नव्हता. गाळ्यात तू चार हातांवर बसायचीस तेव्हाही नाही, आणि आता तर अडवणारंच कोणी नव्हतं. वाटलं, चारशेच्या जागी आठशे लिहावं आणि निघावं. कामही झालं असतं आणि तुझी रीतही राहिली असती. पण आठशेही कधी भरतील. तेव्हा कोणी तरी पुन्हा याच आवारात अडकून पडेल, आणि आठशे कोणी घातले म्हणून विचारलं तर ते मी घातले असतील. बाहेर ती बाई बसलेली होती. मी फाईल उघडली, आणि ठरवलं की रांग वाढती करायची. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला माहीत होतं.

आधी मी पडदा दाखवणारा तुझा तो भाग शोधला. म्हटलं, रांग हलायला लागली की हा पुन्हा जुन्या पत्त्यावर जाणार, हा आधी दुरुस्त करावा लागेल. तिथे जुना पत्ता नव्हता. तुझा भाग आता काहीच धरून ठेवत नव्हता. प्रत्येक वेळी आधी विचारत होता, रांग आता कुठे आहे, आणि मग तिथे जाऊन वजन आणत होता. मी चिठ्ठी छापायचा भाग पाहिला. तोही विचारत होता. दिवसाची यादी करणाराही. सगळीकडे तू तेच केलं होतंस. आणि रांग तर ठरलेली होती, चारशेची, ती कधी हलणारच नव्हती. हलणाऱ्या रांगेसाठीच लागणारं काम तू न हलणाऱ्या रांगेसाठी करून ठेवलं होतंस. फक्त एक ओळ राहिली होती, चारशेची.

मी स्टुलासमोर उभीच होते. राऊतभाऊ म्हणाले, ताई, खुर्ची देऊ का? मी नको म्हटलं. मला राग आला. तू गेल्यापासून मला आलेली पहिली गोष्ट म्हणजे तो राग. म्हणजे तुला पटलं होतं. कधीचं पटलं होतं. मग बोलली काहून नाहीस? मी दर सीझनला डिवचत होते तेव्हा एकदा तरी म्हणायचं, की रंजे, माझ्या बाजूने झालं आहे, तू ये. मी आले असते. की तू वाट पाहत होतीस की मी विचारेन? मी वाट पाहत होते की तू म्हणशील. आपण दोघी शेजारी शेजारी टेबलं टाकून, एकाच किटलीतला चहा पीत, वर्षानुवर्षं वाट पाहत बसलो. आणि बाबांनी सांगितलं तेही मी कप गोळा करत ऐकलं.

मग मी लिहायला घेतलं. चारशेची ओळ काढली. सुरुवातीला चारशेचीच जागा मागणारी, पुरली नाही की मोठी मागणारी ओळ घातली. ती मी इतक्या वेळा मनात लिहिली होती की बोटं आपोआप चालली. लिहून झालं आणि मी थांबले. माझं लिहून झालं की तू काही तरी म्हणायचीसच. तुझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय मी कधी प्रोग्राम चालवलाच नव्हता, हे मला तिथे कळलं. बाहेर गाड्या होत्या आणि मला माझ्याच ओळीवर भरवसा वाटेना. शेवटी मीच म्हटलं, मोठ्याने, नाही भेटली तं? राऊतभाऊंनी वळून पाहिलं.

आणि खरंच चूक होती. मी नवी जागा मागून ती सरळ जुन्याच नावावर ठेवत होते. मागितली आणि मिळाली नाही, तर हात रिकामा आणि जुनी रांग कुठे आहे तेही विसरलेलं. म्हणजे सगळी वजनं गेली. मग नवी जागा आधी वेगळ्या नावाने धरली. मिळाली तरच जुन्या नावावर घ्यायची. नाही मिळाली तर जुनं तसंच राहू द्यायचं आणि पडद्यावर सांगायचं की जागा भरली. ते शब्द मी तुझेच राहू दिले.

वायर जोडली, नवा प्रोग्राम डब्यात घातला. डबा बंद होऊन सुरू झाला. लाईट गेली तर काय, म्हणून प्रत्येक वजन तू कार्डावरही लिहून ठेवायला लावलं होतंस, ते आता डब्याने एकेक करून परत वाचलं. सकाळपासूनची सगळी वजनं आली. एकही गेलेलं नव्हतं. मग राऊतभाऊंनी त्या बाईची ट्रॉली काट्यावर घ्यायला लावली. ट्रॅक्टर चढला, काटा हलला आणि स्थिर झाला. रांग पुरत नव्हती. आत कुठे तरी चारशे वजनं उठली आणि दुसऱ्या जागी जाऊन बसली. मी पडद्याकडे पाहत होते. रिकाम्या ट्रॉलीचं वजन आलं, रिकाम्या ट्रॉलीला शोभेल एवढंच. चिठ्ठी निघाली. बाईने ती दोन घड्या करून कमरेला खोचली आणि ट्रॅक्टर फाटकातून गेला. मागून दुसरा चढला.

मी थोडा वेळ थांबले. आकडे बरोबर येत होते. मला वाटलं होतं, ज्या दिवशी माझी रीत या डब्यात जाईल त्या दिवशी मी गाळ्यात पेढे वाटीन आणि पहिला पेढा तुझ्या तोंडात कोंबीन. मी वायर गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. राऊतभाऊ फाटकापर्यंत सोडायला आले. मी स्कूटी वळवत होते तेव्हा ते म्हणाले, "मीनाताईले सांगजा, चालू झालं म्हणून. त्या दर सीझनले फोन करून इचारतात, डबा बरा हाय का. यंदा त्यायचा फोन नाही आला."

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "सांगते."

रस्त्यात रडू येईल असं वाटलं. आलं नाही. घरी येऊन हातपाय धुतले, मुलीला जेवायला वाढलं, आणि आज लिहायला बसले, कारण मी त्यांना सांगते म्हटलं होतं. चालू झालं, मीना. ती चारशेची एक ओळ सोडली, तर तुझं एक अक्षरही मला बदलावं लागलं नाही.